दुसरी पाळी

कान तपासायच्या खोलीत तिला सगळेच ताई म्हणत. डॉक्टर म्हणत, स्वागताच्या टेबलावरची मुलगी म्हणे, आणि ऐंशीच्या घरातले आजोबासुद्धा हेडफोन काढता काढता विचारत, "काय ताई, पास की नापास?" तिचं वय एकोणपन्नास. दवाखान्याबाहेर मात्र तिला हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. भाऊ लांबच्या शहरात. तो रविवारी सकाळी फोन करायचा. जेवतेस ना वेळेवर, तब्येत कशी आहे, वहिनी आठवण काढते, एवढं झालं की पुढे काय बोलावं हे दोघांनाही सुचत नसे.

काम तिला आवडायचं. जाड दाराची, आतून सगळीकडे स्पंज लावलेली एक लहानशी खोली, तिला काचेची खिडकी. पेशंट आत, ताई बाहेर यंत्रापाशी. ती एक बारीक आवाज सोडायची, ऐकू आला की पेशंटने हातातलं बटण दाबायचं. मग आवाज आणखी बारीक, आणखी बारीक. शेवटी अशी वेळ यायची की ताई आवाज सोडतेय आणि आतला माणूस डोळे मिटून वाट बघतोय. एकवीस वर्षं ती लोकांचे असे चेहरे बघत आली होती. वाट बघणारा माणूस लबाडी करत नाही, असं तिचं मत झालं होतं. दरवर्षी वाढदिवसाला, सगळे पेशंट गेल्यावर, ती स्वतःच आत बसायची आणि टेबलावरच्या मुलीला यंत्र चालवायला लावून आपले कान तपासून घ्यायची. छापून येणाऱ्या कागदावर डाव्या कानाच्या रेघेत एक जुना खड्डा होता. तो तरुणपणीच पडलेला. कसा पडला, हे मुलीने एकदा विचारलं होतं, तर ताई म्हणाली, "कारखान्यात होते मी."

ते खरं होतं, पण अर्धंच.

त्या गुरुवारी निळ्या केसांची एक पोरगी आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, हडकुळी, बोलताना सारखी मान हलवणारी. उजव्या कानात दिवसभर बारीक शिट्टी वाजते, अशी तक्रार.

"काम काय करता?" ताईने फॉर्म भरत विचारलं.

"डीजे आहे."

"आठवड्याला किती तास?"

"पंधरा. कधी वीस."

"कानात बोळे घालता?"

पोरगी हसली. ताईने "नाही" असं लिहिलं.

तपासणी झाली. चार हजारच्या खुणेपाशी, मोठ्या आवाजाने कान आधी जातो तिथे, रेघ खाली उतरली होती, ताईला वाटलं होतं तशीच. कागद छापून येईपर्यंत पोरगी टेबलापाशी बसून राहिली आणि तिची बोटं टेबलावर आपोआप चालू झाली. तीन ठोके, आणि चौथ्याच्या जागी तळहात घासल्याचा आवाज. ठक ठक ठक फुस्स. ठक ठक ठक फुस्स.

ताईचा पेन हातातच राहिला.

"हे काय वाजवताय?"

"सॉरी हं, सवय लागलीये. एक जुनी रेकॉर्ड आहे, तुम्हाला माहीत नसणार. दोन बायकांची. 'दुसरी पाळी.'" पोरगीने ताईच्या तोंडाकडे बघितलं. "नावच तसं आहे, मी काय करणार? लोक आधी हसतातच."

"कशी आहे?"

"कशी म्हणजे… निम्मी यंत्र, निम्मं भांडण. खाली ठोका एकदम सरळ, ड्रमसुद्धा यंत्राचेच. त्यावर एक बेस गिटार गुरगुरतेय आणि वर एक बाई घसा फाडून ओरडतेय. गाणं म्हणत नाही ती, तक्रार करते. ऐकायला बसलात तर दहा मिनिटांत डोकं उठेल. पण नाचायला लावा. मी शेवटी शेवटी लावते. लोक दमलेले असतात, भिंतीला टेकलेले, फोनमध्ये डोकं खुपसलेले. हा ठोका सुरू झाला की आधी मान हलते, मग गुडघे. आणि गंमत अशी, की हिच्यावर जोडीने कुणी नाचत नाही. हातात हात घालून आलेले असले तरी हात सोडतात. जो तो आपापला. पण मधेच कुणी उठून जात नाही."

"कोण होत्या त्या बायका?"

"कुणालाच पत्ता नाही. मागे नुसती टोपणनावं आहेत. भिंगरी आणि ठोकळा. मेल्याही असतील आता."

"असतील," ताई म्हणाली आणि रिपोर्टवर सही केली.

ठोकळा म्हणजे तीच. नाव भिंगरीने ठेवलं होतं. दोघी साबणाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होत्या, तीन ते अकरा. वड्यांना कागद गुंडाळणाऱ्या यंत्रापाशी शेजारी शेजारी उभं राहायचं, वाकड्या झालेल्या वड्या उचलून बाजूला टाकायच्या. बसायला परवानगी नव्हती, बोलायलाही नव्हती. भिंगरीला एक जागी उभं राहणं जमत नसे. ती या पायावरून त्या पायावर झुलायची, आणि यंत्राच्या धडधडीत सुपरवायझरच्या नावाने मोठमोठ्याने शिव्या घालायची. तो दोन हातांवर उभा असायचा, पण त्याला काही ऐकू जायचं नाही. तो उलट मान डोलवायचा, कारण त्याला वाटायचं पोरगी गाणं म्हणतेय. ठोकळा हलायची नाही. ती ठोके मोजायची. यंत्र तीनदा आपटायचं आणि एकदा वाफ सोडायचं. घड्याळ लावून तिने मोजले, मिनिटाला एकशे सव्वीस.

एक दिवस ती भिंगरीला म्हणाली, "तू शिव्या देतेस ना, त्या तालात देतेस. तुझं तुला माहीत आहे का?"

तिथून सगळं सुरू झालं. ठोकळ्याने ड्रमचे ठोके देणारा जुना डबा आणला, एक फुटक्या बटणांचा सिंथेसायझर आणला, भिंगरीच्या शिव्यांतून गाणी लिहिली, आणि ती बेस गिटार शिकली. सोफ्यांच्या दुकानाच्या तळघरात, प्लॅस्टिक घातलेल्या कोचांच्या मधे, पाच दिवसांत आठ गाणी रेकॉर्ड झाली. नाव ठेवलं 'दुसरी पाळी'. रेकॉर्डच्या दुकानदाराने नाव वाचलं, कान लाल झाले, आणि तो म्हणाला, "ताई, हे जरा आत ठेवतो." भिंगरी म्हणाली, "समोरच ठेवा. आम्ही कारखान्याबद्दल बोलतोय, तुम्ही कशाबद्दल बोलताय?" तीनशे प्रती निघाल्या. एकोणीस ठिकाणी दोघी वाजवायला गेल्या.

आणि एकोणीस ठिकाणी लोक हाताची घडी घालून उभे राहिले. कुणी हललं नाही. भिंगरी जमिनीवर लोळली, माइक चावला, समोरच्या माणसाच्या हातातला पेला घेऊन पिऊन टाकला. लोकांनी बघितलं, आणि घरी गेले. शेवटच्या ठिकाणाहून परत येताना, सामानाच्या गाडीत, भिंगरी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझ्या ठोक्यात जीव नाही. यंत्र आहेस तू नुसतं. यंत्रावर कोण नाचणार?" पुढच्या महिन्यात भिंगरी लग्न करून दुसऱ्या गावी गेली. ठोकळ्याने सिंथ देऊन टाकला, कारखाना सोडला, आणि कानांचं शिक्षण घेतलं. ते वाक्य मात्र तिच्याबरोबर राहिलं. लग्नाचं एकदा बोलणं चाललं होतं, तेव्हा ते तिच्या शेजारी येऊन बसलं होतं. आई आजारी असताना कधी रडू आलं नाही, तेव्हाही.

पोरगीने जाताना आपल्या कार्यक्रमाचा एक कागद ठेवला होता. शनिवारी दुपारी चार ते आठ, जुन्या पोस्टाच्या इमारतीत. हल्ली लोक दुपारीच नाचतात, पोरगी म्हणाली होती, जागरणं झेपत नाहीत कुणाला. ताईने कागद फाईलमधे घातला, मग काढून पर्समधे ठेवला. शुक्रवारी तिने कपाट उघडलं आणि दोनदा बंद केलं. नाचायला जाताना घालतात असं तिच्याकडे काही नव्हतंच. शनिवारी शेवटी दवाखान्यात घालते तोच राखाडी कुडता घातला आणि कापसासारखे मऊ बोळे, पेशंटांना देतात ते, पाकिटातून दोन घेतले.

जुन्या पोस्टाची टपाल वेगळं करायची मोठी खोली होती ती. भिंतींवर लाकडी खण अजून तसेच होते, वर गल्ल्यांची नावं खोडलेली. लोकांनी त्यात पिशव्या, बूट, स्वेटर ठेवले होते. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे येऊन जमिनीवर पडले होते, आणि त्यांत धूळ नाचत होती. दीडशेएक माणसं असतील. सगळी काही पोरंटोरं नव्हती. एक टक्कल पडलेला गृहस्थ होता, एक बाई होती जिला ताईने मागे कधीतरी तपासलं होतं असं वाटत होतं. ताईने दारातच कानात बोळे घातले आणि एका खांबाला पाठ लावून उभी राहिली. कुणी बघितलं तर काय सांगायचं, हे तिने ठरवून ठेवलं होतं. भाचीला न्यायला आलेय, असं सांगणार होती. पण कुणी बघितलंच नाही.

सहा वाजून गेले, साडेसहा झाले. तिचे पाय भरून आले. माणसं पांगायला लागली होती, पाणी पिऊन खाली बसत होती. घरी जावं, असं तिने मनाशी म्हटलं. आणि तेवढ्यात तळव्यांतून काहीतरी वर चढलं.

बोळ्यांमुळे वरचे सगळे आवाज बुजले होते. भिंगरीचा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. जमिनीतून येत होता तो फक्त तिचा स्वतःचा ठोका. ठक ठक ठक फुस्स. तळघरात कोचावर बसून, घड्याळ समोर ठेवून, तिने एकेक बटण दाबून बसवलेला. तो तिच्या पोटऱ्यांतून गुडघ्यांत आला.

बसलेली माणसं उठली. टक्कलवाल्या गृहस्थाने चष्मा काढून खिशात ठेवला. जोड्या सुटल्या, पोरगी म्हणाली होती तशाच. हात एकमेकांतून निघाले आणि जो तो दोन पावलं बाजूला झाला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग सगळ्यांची तोंडं एकदम उघडली. दीडशे तोंडं, एकच ओळ म्हणणारी, आणि तिला ऐकू काही येईना. ओठांवरून तिने ओळखलं. उभी आहे, उभीच आहे, बस म्हणा ना कुणीतरी.

तिने एका कानातला बोळा काढला. उजव्या, चांगल्या कानातला.

भिंगरी आली. चोवीस वर्षांची, घोगरी, चिडलेली, श्वास घ्यायला विसरणारी. दुसऱ्या कडव्यानंतर ती एकदा हसते. ते हसणं कशाचं होतं, हे जगात दोघींनाच माहीत होतं. तळघरात वरच्या दुकानाचा मालक जिन्यावरून डोकावला होता आणि पायरी चुकून घसरत खाली आला होता. दीडशे माणसं त्या हसण्यावर हात वर करून हसली. ताई खांबाला टेकून उभी होती. आजूबाजूला सगळा जिवंत कल्लोळ, आणि तिला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं, आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही. हे ज्याला सांगावं असं माणूस तिथे नव्हतं. जिचं हसणं चाललं होतं, ती तर कुठे होती, काय करत होती, याचा पत्ता नव्हता.

रेकॉर्डचं शेवटचं गाणं संपल्यावर पोरगी पाणी प्यायला खांबापाशी आली. तिने ताईला ओळखलं आणि डोळे मोठे केले.

"मॅडम, तुम्ही? इथे?"

दुसरंच कुठलं तरी गाणं सुरू झालं होतं. ताई तिच्या कानाशी वाकली. "ती रेकॉर्ड मी वाजवलीये," ती म्हणाली. "ठोकळा म्हणजे मी."

"काय?" पोरगीने मान तिरकी केली. ताईच्या लक्षात आलं, आपण उजव्या बाजूला बोललो, दुखऱ्या कानात. पोरगी हसतमुखाने वाट बघत होती.

"कानात बोळे घातलेत का, विचारत होते."

पोरगीने लगेच खिशातून काढून दाखवले. "आत्ता घालते," ती म्हणाली, आणि परत आपल्या टेबलाकडे पळाली.

रविवारी भावाचा फोन येऊन गेल्यावर ताईने आईची जुनी नंबरांची वही काढली. भिंगरीच्या धाकट्या बहिणीचा नंबर त्यात होता. तो लागला, हेच नवल. बहिणीने आढेवेढे न घेता भिंगरीचा नंबर दिला. "पाळणाघर चालवते ती," बहीण म्हणाली. "दोन-तीनच्या दरम्यान कर, मुलं झोपलेली असतात."

सोमवारी सव्वादोनला ताईने तपासणीच्या बंद खोलीत बसून फोन लावला. दार ओढून घेतलं होतं. त्या खोलीत स्वतःच्या रक्ताचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

"कोण?" आवाज बसका होता, खरखरीत, अर्धा वाराच. ताईला वाटलं नंबर चुकला.

"मी… ठोकळा."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. "थांब, बाहेर येते. पोरं उठतील." मग, "बोल. कुणी गेलं का?"

"नाही गं. कुणी गेलं नाही. आपली रेकॉर्ड… लोक नाचतात तिच्यावर. मी बघून आले. दीडशे माणसं. सगळ्यांना शब्द पाठ."

"आपल्या रेकॉर्डवर?"

"हो."

"हाताची घडी?"

"नाही. कुणाचीच नाही."

भिंगरी हसली असावी; घशातून नुसती हवा गेल्यासारखं झालं. "माझं घशाचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली. "दोनदा. गाठी होत्या. आता पोरांना ओरडता येत नाही, टाळ्या वाजवून बोलावते. ती रेकॉर्ड मी काढून टाकली घरातून. ऐकवत नाही मला. त्या बयेकडे एवढा आवाज होता आणि तिने तो असा उधळला."

इतकी वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेलं ताईने विचारून टाकलं.

"तू म्हणाली होतीस, माझ्या ठोक्यात जीव नाही. मी यंत्र आहे, आणि यंत्रावर कोण नाचणार. गाडीत. शेवटच्या दिवशी."

"मी?" भिंगरी खरंच आठवत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. "मी असं म्हणाले? नाही गं आठवत. त्या दिवशी मला नुसतं एवढंच आठवतं, की मला उलटी येत होती आणि तू पिशवी धरून बसली होतीस, सगळा रस्ता."

ताईला पिशवी आठवत नव्हती.

"म्हणालेही असेन," भिंगरी म्हणाली. "काय वाट्टेल ते बोलायचे मी. तू धरून बसलीस?"

"नाही," ताई म्हणाली. "सहज आठवलं."

पलीकडे एक मूल रडायला लागलं, त्याच्यामागून दुसरं. "उठली," भिंगरी म्हणाली. "ते कोण वाजवतं, त्यांना सांगितलंस का आपण कोण ते?"

"सांगितलं, पण ऐकू नाही गेलं."

"मग राहू दे. नाहीतर धरून आणतील नि म्हणतील, परत वाजवा. मी काय, टाळ्या वाजवू?" ती थांबली. "तू नाचलीस?"

"मी खांबापाशी होते."

"अगं बाई, अजून खांबापाशीच?" भिंगरी म्हणाली, आणि मुलांचा आवाज एवढा वाढला की पुढचं काही ऐकू आलं नाही. फोन बंद झाला. परत कर, किंवा करते, असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नव्हतं. ताई थोडा वेळ त्या बंद खोलीत बसून राहिली. बाहेर काचेपलीकडे पुढचे पेशंट, एक आजी आणि त्यांची सून, येऊन थांबल्या होत्या. सून काचेतून हात हलवून विचारत होती, आत येऊ का म्हणून.

पुढच्या शनिवारी ती परत गेली. या वेळी खांबापाशी थांबली नाही, कारण खांबापाशी राहिली तर तिथेच राहील हे तिला ठाऊक होतं. पिशवी आणि चपला एका खणात ठेवल्या आणि मधे जाऊन उभी राहिली. उगाचच, आजूबाजूला गाणी चालू असताना, न हलता. एकदोघांनी तिला धक्का लागल्यावर माफी मागितली. रेकॉर्ड लागली तेव्हाही तिचं अंग लगेच हललं नाही. तिला ठोका आतून बाहेरून माहीत होता. फुस्स कुठे येणार, कुठे लांबणार, सगळं. नाचायला मात्र त्यातलं काहीच उपयोगी पडत नव्हतं. शेवटी तिने मोजणं सोडलं. एक पाय उचलला, टेकवला. मग दुसरा. कारखान्यात भिंगरी झुलायची तसं, या पायावरून त्या पायावर. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून ते तसेच लोंबू दिले. शेजारी टक्कलवाला गृहस्थ डोळे मिटून आपल्या नादात उड्या मारत होता. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, तिनेही नाही. बायाबाप्ये, पोरं, सगळे ओरडले तेव्हा तिचंही तोंड उघडलं. शब्द तिनेच लिहिले होते, पण त्या दिवसापर्यंत तिने ते मोठ्याने कधी म्हटले नव्हते.

आठ गाणी संपेपर्यंत ती थांबली नाही. मग पोरगीने दुसरं काहीतरी लावलं, लोक तसेच नाचत राहिले, आणि ताई गर्दीतून वाट काढत खणापाशी आली. कुडता पाठीला चिकटला होता. बाहेर अजून उजेड होता. बस यायला वेळ होता म्हणून ती दोन थांबे चालत गेली, वाटेत अंडी घेतली, दुकानदाराने काहीतरी विचारलं ते तिला नीट ऐकू आलं नाही, म्हणून नुसती मान हलवली.

घरी येऊन तिने दिवा लावला. पाय सुजले होते. बादलीत गरम पाणी घेतलं, त्यात पाय सोडले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, पाणी निवेपर्यंत, बसून राहिली.